पहिला नांगर कोणाचा? केळापूरच्या कोलाम-गोंड कास्तकार घरांचा इतिहास

१/२०
गावाच्या इतिहासाची पहिली ओळ बहुधा ठरलेली असते : 'येथे पूर्वी घनदाट जंगल होते. आमच्या पूर्वजांनी ते तोडून वस्ती केली.' यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर परिसरात हे वाक्य अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते, आणि त्यामागचे कष्टही खरे आहेत. परंतु त्या जंगलात आधी कोण राहत होते, कोण पेरत होते, याचे उत्तर दुसऱ्या ओळीत सहसा येत नाही. आजचा धागा त्या गाळलेल्या ओळीविषयी आहे. माझे मत आरंभीच सांगणे बरे : केळापूरची आद्य कास्तकार घरे कोलामांची व गोंडांची आहेत. त्यांचा इतिहास लिहिणे हे केवळ गौरवाचे काम नाही. जमिनीचा हक्क आजही त्या इतिहासावर अवलंबून आहे.

२/२०
प्रथम भूगोल. तालुक्याचे नाव केळापूर, तहसीलीचे ठिकाण मात्र पांढरकवडा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथूनच पुढे पाटणबोरीला जातो व पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यात शिरतो. एकीकडे सागाचे डोंगर आणि टिपेश्वरचे अभयारण्य, दुसरीकडे कपाशीची काळी जमीन. आठवडी बाजारात वऱ्हाडी मराठीबरोबर गोंडी, कोलामी आणि तेलुगू कानी पडते. पूर्वीचा केळापूर तालुका आजच्याहून बराच विस्तृत होता, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या कागदांतील 'केळापूर' आजच्या नकाशाशी तंतोतंत जुळत नाही.

३/२०
आता राज्यकर्ते. हा पट्टा चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांच्या प्रभावाखालील. १७५१ च्या सुमारास नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचे राज्य संपवले. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून निजामाकडे गेला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या स्वाधीन केले. १८६४ च्या सुमारास आग्नेय वऱ्हाडाचा वेगळा जिल्हा झाला. तो वणीच्या नावाने 'वुन' म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याचे नाव यवतमाळ झाले. शंभर-सव्वाशे वर्षांत धनी इतक्या वेळा बदलले. डोंगरातील पोडावर राहणाऱ्या घराने मात्र जागा सोडली नव्हती.

४/२०
'पोड' हा शब्द येथे समजून घ्यायला हवा. कोलामांच्या वस्तीला या भागात पोड म्हणतात. मुख्य गावापासून थोडी अलग, बहुधा उंचवट्यावर, मधोमध चावडी, आणि तिच्याभोवती कूड-मातीची घरे. पोडाचा कारभार नाईक, महाजन, कारभारी, घट्या अशा मानकऱ्यांच्या विचाराने चालतो. कोलामी आणि गोंडी या दोन्ही द्राविडी कुळातील भाषा. पण त्यांच्या शाखा निराळ्या आहेत. त्यामुळे 'कोलाम म्हणजे गोंडांचीच एक पोटजात' हा शहरी समज भाषेच्याच कसोटीवर टिकत नाही. महाराष्ट्रात आदिम जमाती म्हणून गणल्या गेलेल्या तीन जमाती आहेत : कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम.

५/२०
यांत जुने कोण, याचे उत्तर या समाजांनी स्वतःच देऊन ठेवले आहे. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या राजगोंडांचा अभ्यास केला. तेथे राज्य केलेले, नांगर धरणारे, संख्येने मोठे असलेले गोंड भूमीच्या देवतांच्या पूजेसाठी कोलामाला बोलावतात, हे त्याने नोंदवले. गोंड त्यांना 'पुजारी' म्हणत. कारण स्पष्ट आहे : या डोंगराच्या देवांशी ज्याची ओळख सर्वांत जुनी, त्यानेच त्यांना साद घालावी. नंतर आलेल्याने आधीच्याचा मान मोडून न काढता तो विधीत बांधून ठेवावा, ही रीत मला विलक्षण सुसंस्कृत वाटते. पुढे आलेल्या कोणत्याही सरकारने इतका विवेक दाखवला नाही.

६/२०
त्यांची शेती कशी होती? कोलामांची मूळ शेती डोंगरउतारावरची, फिरती. उन्हाळ्यात झाडोरा तोडावा, वाळू द्यावा, पावसाआधी जाळावा आणि राखेत बी टोकावे. दोन-तीन हंगाम पीक घेऊन तो तुकडा सोडावा. रान पुन्हा वाढले की कधीतरी परत यावे. गोंड घरे सपाटीवर बैलांनी नांगरत. हलकी जमीन खरिपाला, भारी जमीन रब्बीला अशी विभागणी करत. जोडीला मोह, चारोळी, तेंदू, डिंक आणि कोलामांच्या हातचे बांबूकाम. बी कोठे रुजते, पाणी कोठे टिकते, कोणत्या उतारावर किती वर्षे विसावा द्यावा लागतो, हे ज्ञान पिढ्यांनी साठवलेले होते. याला शेती न म्हणता 'भटकणे' म्हणणे हा पुढच्या अनर्थाचा आरंभ होता.

७/२०
तो अनर्थ मोजणीच्या साखळीने आणला. इंग्रजी अंमलात वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी आली. शेतांना सर्व्हे नंबर पडले, हद्दीचे दगड रोवले गेले, मातीचा पोत व खोली पाहून आकारणी ठरली, आणि खातेदाराचे नाव कागदावर चढले. पद्धत नेटकी होती. सपाटीवरील स्थिर कुणब्याला तिने राजाच्या लहरीपासून संरक्षणही दिले. पण तिची एक अट होती : शेत एका जागी असावे, आणि सारा दरवर्षी रोखीने यावा. जे घर एक तुकडा पिकवून चार तुकडे विसाव्याला ठेवते, त्याचे चार तुकडे या हिशेबात 'पडीक' ठरले. पडीक म्हणजे सरकारी. मोजणीदाराने कोणावर सूड उगवला नाही. त्याच्या तक्त्यात त्या शेतीसाठी रकाना नव्हता, इतकेच.

८/२०
पडीक ठरलेल्या जमिनीचे पुढे काय झाले, याची खूण यवतमाळ जिल्ह्यातील गावांच्या नावांत आजही सापडते. महसुली यादीत काही गावांच्या नावापुढे 'इजारा' हा शब्द दिसतो. १८६५ च्या पडीक जमिनींच्या नियमांखाली ओसाड समजली गेलेली गावेच्या गावे मुदतीच्या पट्ट्याने दिली गेली : रान मोडा, वस्ती करा, लागवड वाढवा आणि हक्क मिळवा. अर्ज करण्याइतकी अक्षरओळख, भांडवल, बैल आणि कचेरीपर्यंत पोहोच ज्याच्याकडे होती, तो इजारदार झाला. रान प्रत्यक्ष मोडणारे हात मात्र अनेक ठिकाणी तेथल्याच गोंड-कोलामांचे असणार. तो मुलूख जाणणारे दुसरे मजूर होते कोण? ज्याने झाड तोडले तो कूळ अथवा गडी झाला, आणि ज्याने अर्ज केला तो गावाचा संस्थापक म्हणवला गेला.

९/२०
त्याच वेळी कापूस आला. अधिक अचूक सांगायचे तर कापसाची बाजारपेठ आली. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरचा पुरवठा तुटला आणि वऱ्हाडी कापसाचे भाव चढले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. काळ्या जमिनीला किंमत आली, आणि जमिनीला किंमत आली की तारणालाही येते. सारा रोखीत, पीक वर्षातून एकदा. मधल्या महिन्यांत धान्य उसने घ्यावे तर परतफेड सवाईने किंवा दिढीने. सही करता न येणाऱ्याचा अंगठा, दिवाणी न्यायालयातील हुकूमनामा, लिलाव. दोन वाईट पावसाळे पुरत. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडातील भीषण दुष्काळांपैकी एक. खातेदाराचा मुलगा त्याच शेतात सालगडी म्हणून राबू लागण्याचा प्रवास एका पिढीत पूर्ण होई.

१०/२०
तिसरी कात्री जंगल खात्याची. डोंगरातील सागाचे रान राखीव झाले आणि फिरती शेती गुन्हा ठरली. कोलाम पोड खाली सरकले. काही जंगलाच्या कडेला, काही दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर. वर सरकारी जंगल, खाली सावकाराची शेती, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात आद्य शेतकरी : केळापूरचा सामाजिक नकाशा असा तयार झाला. यात कोणतीही लढाई झाली नाही, कोणताही तह झाला नाही. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात लिहिण्याजोगी तारीखच उरली नाही. सनावळीच्या इतिहासाची ही मोठी उणीव आहे : ज्या पराभवाला तारीख नसते तो पराभव त्याला दिसत नाही.

११/२०
थोडे दूर पाहू. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात क्री नावाचा आदिम समाज आहे. १८७२ च्या कायद्याने तेथे बाहेरून येणाऱ्या शेतकऱ्याला दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन मिळू लागली. अट एवढीच की काही वर्षे राहून ती लागवडीखाली आणावी. १८७६ मध्ये क्री प्रमुखांशी सहावा तह झाला. त्यात शेतीची अवजारे व गुरे देण्याचे वचन होते. त्याच वर्षीच्या इंडियन ॲक्टने मात्र पश्चिमेकडील आदिम माणसाला अशी मोफत जमीन घेण्यास मनाई केली. राखीव क्षेत्रात क्री शेतकऱ्यांनी तरीही गहू पिकवला. मग धान्य विकायला सरकारी परवाना लागू झाला, आणि १८८९ नंतर काही वर्षे यंत्राऐवजी हातअवजारांनी लहान तुकडा कसण्याचे धोरण त्यांच्यावर लादले गेले.

१२/२०
पुढे म्हणण्यात आले की क्रींना शेती जमली नाही. इतिहासकार सारा कार्टर यांनी १९९० च्या 'लॉस्ट हार्वेस्ट्स' या ग्रंथात कागदपत्रांच्या आधारे दाखवले की शेती जमत असतानाच ती अडवली गेली. आज तेथे 'पायोनियर' म्हणवणाऱ्या काही शेतकरी घरांच्या वंशवेलीत क्री आजी-पणजी सापडते, आणि घराचा इतिहास दुसऱ्यांदा लिहावा लागतो. तुलनेच्या मर्यादा आहेत. केळापुरात तह नव्हता, राखीव वस्ती नव्हती, समुद्रापलीकडून आलेले वसाहतवाले नव्हते. साम्य एका मुद्द्यात आहे : दोन्हीकडे 'पहिला शेतकरी' कोण, हे नांगराने ठरले नाही, नोंदवहीने ठरवले.

१३/२०
आता पैनगंगेपलीकडे. निजामी राज्यात आदिलाबादच्या डोंगरांत हीच प्रक्रिया चालू होती. तेथे कुमराम भीम या गोंड नेत्याने जल-जंगल-जमिनीचा लढा उभारला. १९४० मध्ये जोडेघाट येथे तो गोळीबारात मारला गेला. त्या धक्क्याने निजाम सरकारला चौकशी करावी लागली. हायमेनडॉर्फची नेमणूक, गोंड व कोलाम घरांना जमिनीचे पट्टे, आदिवासी क्षेत्रांसाठी स्वतंत्र नियम हे त्यानंतरचे. नदीच्या अलीकडे, म्हणजे केळापुरात, तसा उठाव झाला नाही. सोयरिकी दोन्ही तीरांवर. पण एका तीरावरच्या भावाला पट्टा चाळीसच्या दशकात मिळू शकला, आणि दुसऱ्या तीरावरच्या भावाला जमिनीच्या प्रभावी संरक्षणासाठी १९७४ पर्यंत थांबावे लागले.

१४/२०
स्वातंत्र्यानंतरचा एक तपशील फार थोड्यांच्या लक्षात आहे. अनुसूचित जमातींच्या १९५६ च्या सुधारित यादीत विदर्भातील गोंड, कोलाम, परधान आदी जमातींना सर्वत्र मान्यता नव्हती; ती ठराविक तालुक्यांपुरतीच होती. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तीन तालुके त्यात होते. दारव्हा आणि पुसद नव्हते. म्हणजे केळापुरातील बहीण कायद्याने आदिवासी, आणि दारव्ह्यात लग्न होऊन गेलेली तिची सख्खी बहीण बिगर-आदिवासी. रक्त तेच, देव तेच, भाषा तीच. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हे क्षेत्रबंधन काढले. तोवर दोन दशके निघून गेली होती, आणि त्या काळातील दाखल्यांवरचे शब्द आजही नातवंडांच्या जात-पडताळणीत आडवे येऊ शकतात.

१५/२०
१९७४ हे वळणाचे वर्ष. त्या वर्षीच्या दुरुस्तीने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आले : ६ जुलै १९७४ नंतर आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीविना जाणार नाही. पाठोपाठ १९७५ पासून अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा अमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी मूळ आदिवासी धारकाला अथवा वारसाला, त्याने त्या स्वतः कसण्याच्या अटीवर, परत देण्याची तरतूद त्यात आहे. या कायद्याला आव्हान दिले गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये, लिंगप्पा पोचन्ना खटल्यात, तो वैध ठरवला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने केलेल्या मोठ्या न्यायकार्यांत मी याची गणना करतो.

१६/२०
तरीही त्याची सीमा पाहा. १ एप्रिल १९५७ पूर्वीचे काहीही त्याच्या कक्षेत नाही. मोजणी, इजारा, कापसाचा सावकार, दुष्काळातील लिलाव, राखीव जंगल, या धाग्यात आतापर्यंत वाचलेला जवळजवळ सर्व इतिहास त्या तारखेच्या अलीकडे राहतो. कायद्याला कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे मान्य. पण रेघेआधी काही घडलेच नाही असे समजणे ही आपली सोय आहे. आणि रेघेनंतरही जमीन जाते. सातबारावर नाव आदिवासीचे, प्रत्यक्ष वहिवाट वर्षानुवर्षांच्या तोंडी ठेक्याने दुसऱ्याची, हा प्रकार विदर्भातील कोणत्याही तलाठ्याला नवा नाही.

१७/२०
येथे इतिहास थेट कायद्याच्या दारात येतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क मागण्याची वाट दिली. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून काय चालते? सरकारी कागद तर चालतातच. पण जुनी घरे, बांध, विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा. जुन्या नोंदींतील पूर्वजापर्यंत पोहोचणारी वंशावळ. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले कथन, हेही चालते. म्हणजे आजोबांनी सांगितलेले पोडाचे जुने ठिकाण हा आता कायदेशीर पुरावा आहे. ते आजोबा गेले आणि कोणी लिहून घेतले नाही, तर एका घराचा दावा दुबळा होतो. या अर्थाने मी आरंभी म्हटले की हा केवळ गौरवाचा विषय नाही.

१८/२०
आक्षेपांचा विचार करू. पहिला : नंतर आलेल्या कुणबी, बंजारा, तेलुगू भाषक घरांनीही घाम गाळला, त्यांना उपरे का म्हणायचे? म्हणूच नये. नंतर येणे हा अपराध नव्हे. इजाऱ्याच्या गावातील कूळही बहुधा गरीबच होते, आणि आज कर्जाने त्याच मातीत पिचलेले शेतकरी सर्व जातींचे आहेत. येथे मागणी क्रम नीट लावण्याची आहे. दुसरा : कोलामांना मालकीची कल्पनाच नव्हती, मग गमावले काय? खरेदी-विक्रीची कल्पना नसेल, शिवेची होती. कोणत्या डोंगरापर्यंत कोणाचा देव आणि कोणाचे रान, हे ठरलेले असे. तिसरा : हा भूतकाळाचा उमाळा आहे. तसे असते तर फिरती शेती परत आणा असे म्हटले असते. मागणी नोंदीची आणि हक्काची आहे.

१९/२०
आणि घराचा इतिहास म्हणजे केवळ पुरुषांची वंशावळ नव्हे. पेरणी, निंदणी, मोहफूल वेचणे, बियाणे राखणे, बाजार करणे यांत स्त्रियांचा वाटा निम्म्याहून कमी कधीच नव्हता. खात्यावर त्यांचे नाव मात्र क्वचितच. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. त्यामुळे मुलीचा हिस्सा रूढीवर सोपवला गेला, आणि रूढी कोणती हे बहुधा पुरुषांनीच सांगितले. २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या वडिलार्जित वाट्यावर तिच्या वारसांचा समान हक्क मान्य केला. केळापुरातील घरांनी वंशावळी लिहिताना लेकींची नावे गाळू नयेत. उद्या त्याच नावांची गरज पडणार आहे.

२०/२०
मग करायचे काय? चार गोष्टी, ज्यांना मोठा निधी लागत नाही.

एक : कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, पहिल्या मोजणीची टिपणे, जुन्या जमाबंद्या आणि हक्कनोंदी अभिलेख कक्षांत जीर्ण होत आहेत. गोंड, कोलाम, परधान अशी जातीची नोंद ज्या पानावर आहे ते पान फाटले, तर एका नातवाचे शिक्षण आणि नोकरी टांगणीला लागते. या कागदांच्या प्रती काढण्यात केळापूरसारख्या अनुसूचित क्षेत्रातील तालुक्यांना प्राधान्य मिळावे.

दोन : परधान समाज हा गोंडांचा परंपरागत कथेकरी. किंगरीच्या साथीने तो गोंड घरांच्या कुळकथा, देव आणि सगा सांगत आला. त्या कथनाचे ध्वनिमुद्रण सांगणाऱ्याच्या संमतीने, त्याच्या नावाने आणि मूळ भाषेत व्हावे. आज ज्याला आपण लोककला म्हणून महोत्सवात दहा मिनिटे देतो, ते एका समाजाचे दफ्तर आहे.

तीन : पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला आपली परंपरा व सामूहिक संसाधने जपण्याचा अधिकार दिला आहे. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शिवारातील जुन्या पोडांच्या जागा, देवस्थाने, दफनभूमी, सोडलेली शेते यांची यादी ठरावासह नोंदवावी. यासाठी पदवी लागत नाही. गावातील चार वृद्ध, एक लिहिता हात आणि आठवड्याभराची फुरसत पुरेशी आहे.

चार : गावाचा इतिहास, शाळेची स्मरणिका, मंदिराची पुस्तिका यांपैकी काहीही छापताना 'येथे पूर्वी जंगल होते' या वाक्यानंतर पुढचे वाक्य लिहावे : त्या जंगलात कोणते पोड होते, तेथे कोणाची शेती होती आणि ती त्यांच्या हातून कशी गेली.

वाचकांपैकी जे केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव भागातील आहेत, त्यांना एक विनंती. आपल्या गावाच्या नावापुढे 'इजारा' असेल, किंवा शिवारात आज वस्ती नसलेल्या एखाद्या जागेला अजून पोड म्हणत असतील, तर त्या जागेचे स्थानिक नाव आणि घरच्या वृद्धांनी सांगितलेली हकिकत खाली लिहावी. कोणाच्या खाजगी जमिनीचा गट क्रमांक किंवा कोणाचे नाव उघड करू नये. पुढील धागा वऱ्हाडातील इजारा पद्धतीवर असेल, आणि त्याला अशा हकिकतींचा मोठा आधार होईल.